उपवासाचं तेल, वीस पौंड

फेब्रुवारीत मामाकडे गेलो होतो, तेव्हा मी एक वाक्य बोलून बसलो. बोलताना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, उलट आपण काहीतरी शहाणपणाचं आणि प्रेमाचं बोलतोय असंच वाटत होतं. सकाळचे साडेअकरा झाले असतील. मामा पडवीत अडकित्ता घेऊन सुपाऱ्या फोडत बसला होता, बाहेर कलमांना मोहोर आला होता आणि त्याचा तो गोडसर, थोडा घशाशी येणारा वास घरभर पसरला होता. मी मोबाइलवर आकडेमोड केली. आधी एक विनोद केला, मग म्हणालो, ‘ते गमतीचं सोड मामा, पण एकदा हिशोब करून बघ. फवारणी, मजुरी, राखणदार, पेट्या, टेम्पोभाडं वजा जाता जमिनीच्या किमतीवर तुला दोन टक्केसुद्धा सुटत नाहीत. विकून टाक ना. पैसे बँकेत ठेवलेस तर याच्या तिप्पट व्याज येईल. रत्नागिरीत एखादा लिफ्टवाला फ्लॅट घे, आरामात राहा.’ मामाने मान वर केली नाही. अडकित्त्याचा कट्ट आवाज झाला, सुपारीची दोन खांडं ताटात पडली. पुन्हा कट्ट. पुन्हा दोन खांडं. मग तो उठला, धोतर झटकलं आणि विचारलं, ‘चहा टाकू?’

त्या घरात साडेअकराला चहा कधीच होत नाही.

पुण्याला परत आलो तरी तो चहा चपलेतल्या खड्यासारखा टोचत राहिला. मामा रागावला असता, ‘तुला काय कळतंय’ म्हणाला असता, तर बरं झालं असतं. एप्रिलमध्ये एका रात्री झोप येईना म्हणून मी रशियन दिग्दर्शक कोंचालोव्स्कीचा, चेकॉव्हच्या नाटकावरचा ‘अंकल वान्या’ लावला. मोसफिल्म या रशियन चित्रपट कंपनीने आपले बरेच जुने चित्रपट यूट्यूबवर खुले ठेवलेत, ही तिची आपल्यासारख्या निशाचरांवर मोठी कृपा आहे. चित्रपट निवडण्याचं खरं कारण मात्र जरा लाजिरवाणं होतं. मी यंदा सत्तेचाळीसचा झालो. चेकॉव्हच्या नाटकातला वान्याही सत्तेचाळीसचाच. साठ वर्षं जगलो तर अजून तेरा वर्षं काढायचीत, ती कशी काढू, असं तो डॉक्टर मित्राला विचारतो. मला वाटलं, चला, आपल्या वयाच्या माणसाबरोबर दोन तास रडून घेऊ. वयाच्या या टप्प्यावर स्वतःची कीव करायला निमित्त मिळालं की माणूस सोडत नाही.

चित्रपट १९७०चा. सुरुवातीला नाटकातलं काहीच नाही. नुसते जुने फोटो येत राहतात, झारच्या रशियातले. राजघराणं, दुष्काळात सुकलेली माणसं, तोडलेली जंगलं. आणि त्यावर आल्फ्रेड श्निट्केचं संगीत, ऐकताना कुणीतरी मागच्या खोलीत फर्निचर सरकवतंय की काय असं वाटायला लावणारं. मग आपण एका घरात शिरतो आणि जवळजवळ तिथेच अडकतो. निकोलाय द्विगुब्स्कीने उभं केलेलं हे घर मला भयंकर ओळखीचं वाटलं. भिंतींचे पोपडे, दारातून दिसणारी दुसरी खोली, तिच्या दारातून दिसणारी तिसरी, आणि कुठल्याही खोलीत गेलं तरी कुणीतरी आधीच तिथे बसलेलं. रंग तर मधेच येतात आणि मधेच जातात. एक प्रसंग रंगीत, पुढचा तपकिरी. रंगीत कच्च्या फिल्मचा तुटवडा होता म्हणून असं करावं लागलं, असं सांगतात. असेलही. पण बघताना त्यात अडचण जाणवत नाही. घरात एखादी खोली उन्हाची असते आणि एखादी कायम काळोखी, तसं वाटतं. कॅमेऱ्यामागे गेओर्गी रेरबेर्ग होता, पुढे तार्कोव्स्कीचा ‘मिरर’ चित्रित करणारा. जुन्या घरातल्या काळोखाशी या माणसाचं काहीतरी नातं असणार.

वान्या झालाय इनोकेंती स्मोक्तुनोव्स्की. याला मी आधी पाहिला होता तो १९६४च्या रशियन ‘हॅम्लेट’मध्ये, समुद्राकाठच्या किल्ल्यात, काळ्या कपड्यांत, ताठ मानेचा. तोच माणूस इथे दुपारच्या झोपेतून उठून येतो. झोपेने सुजलेला चेहरा, आणि बोलण्यात एक सूक्ष्म चिडकेपणा. हवा किती छान आहे म्हणून कुणी म्हणालं की हा म्हणणार, अशा हवेत गळफास घ्यायला बरं वाटेल. हॅम्लेट राजपुत्र होता म्हणून त्याचं वैतागणं तत्त्वज्ञान ठरलं. हाच वैताग शेताचे हिशोब लिहिणाऱ्या माणसाने काढला की घरचे म्हणतात, आज याचं पोट बिघडलेलं दिसतंय.

आता एक गंमत सांगतो, जी इंग्रजी सबटायटल वाचताना हरवते. ‘अंकल’ म्हणजे कोण? इंग्रजीला त्याची पर्वा नाही. रशियन ‘द्याद्या’लाही नाही, काका काय आणि मामा काय, सगळे द्याद्याच. मराठीत मात्र नाव लिहायला घेतलं की पहिल्याच शब्दाला थांबावं लागतं. सोन्या ही वान्याच्या वारलेल्या बहिणीची मुलगी. म्हणजे हा मामा. वान्यामामा. तो शब्द मनात उच्चारला आणि चित्रपट माझ्यासाठी पार बदलून गेला. काका म्हटलं की इस्टेट, वाटण्या, भाऊबंदकी असं काहीबाही मनात येतं. मामा म्हटलं की सुट्टी, पेटीतले आंबे, विहिरीत ढकलून देणारा आणि मग स्वतःच उडी मारणारा माणूस. आणि मराठीने या बिचाऱ्या नात्याला दुसराही एक अर्थ चिकटवून ठेवलाय. कुणाला फसवलं की आपण म्हणतो, त्याला मामा बनवला. भावाने बहिणीच्या प्रेमापोटी करत राहायचं आणि सगळ्यांनी ते गृहीत धरायचं, यातून हा वाक्प्रचार आला असेल का, मला ठाऊक नाही. पण वान्यामामाला पंचवीस वर्षं मामा बनवलंय, एवढं मात्र खरं. बहीण गेली, मेहुण्याने दुसरं लग्न केलं, तरी हा त्याच मेहुण्याला शहरात पैसे पाठवत राहिला, त्याचे लेख रात्री जागून उतरवून काढत राहिला. वर्षाला पाचशे रूबल पगार. पंचवीस वर्षांत एकदाही वाढ नाही. वाढ मागायचं त्यालाही कधी सुचलं नाही.

मी आरामात पाय पसरून त्याच्या बाजूने बघत होतो. त्या मेहुण्याचा, म्हणजे आता इस्टेटीवर राहायला आलेल्या प्रोफेसर सेरेब्र्याकोव्हचा, राग राग करत होतो. म्हाताऱ्याचा थाट तर काय, जेवणाच्या वेळा बदलल्यात, चहाचा समोवार सकाळपासून उकळतोय, रात्री अख्खं घर याच्या संधिवातासाठी जागतंय. व्लादिमीर झेल्दिनने हा माणूस दुष्ट केलेला नाही, नीटनेटका केलाय, आणि ते जास्त चीड आणतं. (झेल्दिन पुढे २०१६ साली, शंभरी ओलांडून गेला. त्या संधिवाताकडे आता मी जरा संशयाने बघतो.)

मग तो प्रसंग येतो. प्रोफेसर सगळ्यांना एकत्र बोलावतो. आधी विनोद करतो, गोगोलच्या नाटकातलं वाक्य टाकून, की मंडळी, सरकारी तपासनीस येतोय. मग म्हणतो, बरं, विनोद पुरे. मग आकडे. या इस्टेटीतून सरासरी दोन टक्क्यांहून जास्त काही निघत नाही. मी सुचवतो की ती विकावी. पैसे रोख्यांत गुंतवले तर चार-पाच टक्के मिळतील, वर थोडे उरतील, त्यात फिनलंडमध्ये एक छोटंसं घर घेता येईल.

मी स्पेसबार दाबला.

खोलीत पंख्याचा आवाज होता. पडद्यावर प्रोफेसरचा चेहरा अर्ध्या शब्दावर थांबलेला. दोन टक्के. विनोद आधी, आकडे नंतर. फिनलंडच्या जागी रत्नागिरी घाला, झालं. मी सव्वाशे वर्षांपूर्वीचं भाषण पाठ न करता जसंच्या तसं म्हणून आलो होतो, तेही पडवीत, सुपारीच्या ताटासमोर. दोन तास वान्याच्या खुर्चीत बसायला आलेल्या माणसाला कुणीतरी दंडाला धरून समोरच्या खुर्चीत बसवावं, तसं झालं. चित्रपट पुढे चालवायला मला बराच वेळ लागला. मधे उठून पाणी प्यालो, गॅलरीत जाऊन उभा राहिलो, मनातल्या मनात स्वतःची वकिली केली. मी पैसे माझ्यासाठी थोडेच मागत होतो? मामाचं वय सत्त्याहत्तर, गुडघे गेलेले, घरात एकटा, रात्री काही झालं तर कोण आहे? सगळं खरं. पण प्रोफेसरचंही सगळं खरंच होतं. आकडे त्याचे चुकलेले नव्हते.

वान्या जे उत्तर देतो त्यात हिशोबच आहे, फक्त दुसऱ्या वहीतला. ही जमीन त्याच्या वडिलांनी पंचाण्णव हजारांना बहिणीच्या हुंड्यासाठी घेतली. सत्तर हजार दिले, पंचवीस हजारांचं कर्ज राहिलं. ते घेणं शक्य झालं कारण वान्याने बहिणीसाठी स्वतःचा वाटा सोडला. वर दहा वर्षं बैलासारखं राबून ते कर्जही त्यानेच फेडलं. इथे मी पुन्हा थबकलो. आपल्याकडे हे बरोबर उलटं होतं. वडील गेले की तलाठ्याकडे जायच्या आधी बहिणीची सही घेतात, हक्कसोडपत्रावर. माझ्या आईनेही केली होती. मी सातवीत होतो. जाताना एसटीत आई खिडकीशी बसून गप्प होती, येताना मामाने तिला चोळीचा खण आणि मला चाकू घेऊन दिला होता, दोन पात्यांचा. तेव्हापासून दर मे महिन्यात पेट्या येतात, दिवाळीला पोहे, पावसाळ्याआधी कोकम आणि सांडगे. आई जाऊन सहा वर्षं झाली, तरी थांबलेलं नाही. बहिणीने सोडलेल्या हक्काची फेड म्हणून मामा हे पाठवतो की नुसतं प्रेमाने, हे मी कधी विचारलं नाही. अशा गोष्टी विचारायच्या नसतात, असं आपल्याकडे सगळ्यांनाच जन्मतः माहीत असतं. सातबाऱ्यावर माझं नाव नाही. विकून टाक म्हणायचा मला कागदावर काडीचा अधिकार नव्हता आणि तरीही मी तो गाजवला. भाचा म्हणून.

पुढे वान्या पिस्तूल घेऊन येतो. प्रोफेसरवर गोळी झाडतो आणि नेम चुकतो, दोनदा. चेकॉव्हने इथे जे केलंय ते इतकं क्रूर आहे की हसू फुटतं. पिस्तुलाचा आवाज होतोच, वर वान्या तोंडानेही ‘ठो!’ म्हणतो. लहान पोरं ठिश्यांव करतात ना, तसं. एवढ्या वर्षांची चीड बाहेर आली आणि तिचा आवाज खेळण्यातल्या बंदुकीचा. आणि त्यानंतर, बाचाबाची, मॉर्फिनची चोरलेली बाटली, मिनतवाऱ्या, सगळं पार पडल्यावर, प्रोफेसर गाडीत बसायच्या आधी दोघं एकमेकांचा निरोप घेतात. वान्या त्याला म्हणतो, तुला पूर्वी जे मिळत होतं ते वेळच्या वेळी मिळत राहील. सगळं पूर्वीसारखंच.

या नाटकाबद्दलची एक गोष्ट मला फार आवडते. १८९९ साली मॉस्को आर्ट थिएटरने ते केलं. स्तानिस्लाव्स्की स्वतः डॉक्टर आस्त्रोव्ह झाला होता. त्याने लिहून ठेवलंय की दुसरीकडच्या कुठल्याशा प्रयोगात वान्याला गबाळा, गुडघ्यापर्यंत बूट घातलेला जमीनदार केलं होतं, आणि ते ऐकून चेकॉव्ह चिडला. त्याचं म्हणणं, मी लिहिलंय ना स्पष्ट, त्याचा टाय सुरेख आहे! संहितेत खरंच तेवढंच आहे. पहिल्या अंकात वान्या झोपून उठून येतो, बाकावर बसतो आणि आपला छानछोकीचा टाय सरळ करतो. नाटककाराच्या लेखी तेवढ्यात सगळं आलं. शेतावर राबणारा माणूस म्हणजे गबाळा असणार, हे आपण परस्पर ठरवून टाकतो. मामाची पांढरी टोपी आठवली. बाजारात जायचं असलं की तो ती तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचा. ते बघताना आम्ही मुंबई-पुण्याची भावंडं कोपऱ्यात तोंड दाबून हसायचो.

आस्त्रोव्ह झालेला सेर्गेई बोंदार्चुक मला मात्र पटला नाही. ‘वॉर अँड पीस’च्या अवाढव्य डोलाऱ्यातून आलेला हा माणूस या पोपडे उडालेल्या खोल्यांत जरा जास्तच भरदार वाटतो. तो जंगलाचे नकाशे उलगडतो, पन्नास वर्षांपूर्वी इथे किती झाडी होती, पंचवीस वर्षांपूर्वी किती, आज किती, आणि समोरच्या सुंदर बाईचं, प्रोफेसरच्या दुसऱ्या बायकोचं, लक्ष नकाशावर नाही. बोलणं खरं, पण व्याख्यान वाटतं. त्याउलट इरिना कुपचेन्कोची सोन्या. तेव्हा ती जेमतेम बावीस वर्षांची. शेवटी, सगळे निघून गेल्यावर, ती मामाजवळ बसते आणि सांगते की आपण जगू, दुसऱ्यांसाठी राबू, मग मरू, आणि मग विसावा घेऊ. हे शब्द सहज भजनी होऊ शकतात. ती ते दिलासा म्हणून बोलत नाही. आजारी माणसाला दुसरा आजारी माणूस पेज भरवत असावा, तसं बोलते.

पण मी अडकलो ते त्याच्याही जरा आधी. चित्रपट संपल्यावर नाटकाचं पुस्तक काढलं, म्हणून हे ठळकपणे दिसलं. पाहुणे गेलेत, घोड्यांच्या घुंगरांचा आवाज विरलाय, आणि मामा-भाची टेबलाशी बसून साचलेले हिशोब लिहायला घेतात. वान्या लिहितो, दोन फेब्रुवारी, तेल वीस पौंड. सोळा फेब्रुवारी, पुन्हा तेल वीस पौंड. मग बकव्हीटचा भरडा. इंग्रजीत नुसतं ‘व्हेजिटेबल ऑइल’ म्हणून मोकळे होतात. मूळ शब्द आहे ‘मास्लो पोस्तनोये’. ‘पोस्त’ म्हणजे उपवास. उपवासाचं तेल! ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासात त्यांना लोणी चालत नाही, म्हणून वनस्पतीच्या तेलाला हे नाव. आपल्या उपवासाला तुपाची धार चालते, त्यांना नेमकं तेच वर्ज्य. त्यांचा तो पौंडही आपल्या ओळखीच्या पौंडापेक्षा थोडा हलका, चारशे दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वीस पौंड म्हणजे आठ किलोच्या वर. दोन आठवड्यांत सोळा किलो तेल, उपवासाच्या तोंडावर. एकाने नुकताच खुनाचा प्रयत्न केलाय, दुसरीचं आस्त्रोव्हवरचं प्रेम नुकतंच मातीत गेलंय, आणि वहीत तेल लिहिलं जातंय. त्याच खोलीच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा आहे, तिथल्या कुणालाही ज्याचा काडीचा उपयोग नाही. मामाच्या माजघरात खताच्या दुकानातून मिळालेलं एक कॅलेंडर आहे, बर्फाच्या डोंगराचं. साल कधीच उलटून गेलंय, पण तो काढत नाही.

मे महिन्यात पेट्या आल्या. नेहमीसारख्या दोन. वर पेंढा, पेंढ्यावर चिठ्ठी. आढीतले आहेत, चार दिवसांनी खा. मी फोन केला, आंबे मिळाले म्हणालो. मामा म्हणाला, ‘यंदा तुडतुड्यांनी मोहोर खाल्ला, फळ बारीक आहे, पण गोड असेल.’ मी म्हणालो, ‘मामा, त्या दिवशी मी...’ तो म्हणाला, ‘गाडीचा आवाज येतोय रे, राखणदार आला वाटतं,’ आणि फोन ठेवला.

गणपतीला गेलो. त्याचा गुडघा जास्तच दुखत होता, म्हणून आरतीनंतर तो लवकर आडवा झाला. मी माजघरात बसलो होतो, समोर फडताळात त्याच्या वह्या. लाल कापडात बांधलेल्या, पाडव्यापासून पाडव्यापर्यंतची एकेक, वर ‘श्री’ आणि कुंकवाचं बोट. लहानपणी त्या चाळणं हा आमचा खेळ असायचा, कारण आम्ही आलो की आमची नोंद व्हायची. ‘भाचे मंडळी आली. दूध जादा दोन शेर.’ स्वतःला असं वहीत बघायला फार मौज वाटायची. मोठेपणीही मी गेलो की एकदा हळूच बघून घ्यायचो. मागच्या वर्षीची वही काढली. ‘भाचा आला. दूध जादा अर्धा लिटर. नारळ उतरवले, मजुरी दिली.’ त्याच्या मागच्या वर्षीही तसंच, ‘भाचा आला.’ अक्षर तेच, टाकासारखं तिरकं, ‘भ’ची गाठ सुटलेली.

यंदाची वही उघडली. बोटाने पानं सरकवत फेब्रुवारीशी आलो. वीजबिल. गोडेतेल, पाच किलो. फवारणीची माणसं, तीन. आणि त्या तारखेला, एका ओळीत, ‘पाहुणे १. दूध जादा अर्धा लिटर. साखर पाव किलो.’

आतून मामाने विचारलं, ‘जागा आहेस का रे अजून?’